गळ, तरंड आणि सापळा

जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात तुम्ही एखाद्या शेतकऱ्याच्या घरी गेलात, तर सोप्यात जरा निरखून पाहा. सोपा म्हणजे घरातली पुढची, बसण्याउठण्याची जागा. एका कोपऱ्यात पावसासाठी इरले तयार ठेवलेले असते. खुंटीला घोंगडे असते. आणि वर, आढ्याला, बांबूच्या पातळ पट्ट्यांची एक लांबट वस्तू टांगलेली दिसते. तिचे एक टोक रुंद असते, दुसरे निमुळते. पाहुण्यांना ती मोडकी बुट्टी वाटते. घरातली मुले मात्र तिच्याकडे पाहून पावसाची वाट पाहत असतात.

ती वस्तू म्हणजे मासे पकडण्याचा सापळा. तो दुकानात मिळत नाही. घरातल्याच कोणीतरी विणलेला असतो. त्याच्या शेजारी भिंतीला टेकवलेली काठी म्हणजे गळाची काठी. तीही घरचीच. ही साधने कशी बनतात, का चालतात, आणि त्यांत चूक झाली तर काय होते, ते या पाठात पाहू.

आधी जागेची ओळख करून घेऊ. राधानगरी सह्याद्रीच्या कुशीत आहे. येथे भोगावती नदी वाहते. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या नदीवर मोठे धरण बांधण्याचे ठरवले आणि तेथे वसवलेल्या गावाला आपली कन्या राधाबाई हिचे नाव दिले. पैशाच्या अडचणीमुळे धरणाचे काम मध्येच थांबले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. याच तालुक्यात पुढे तुळशी नदीवर आणि दूधगंगेवर काळम्मावाडी येथेही धरणे झाली. म्हणजे येथे डोंगरातले ओढे आहेत, नद्या आहेत आणि मोठे जलाशयही आहेत. पाणी तीन तऱ्हेचे, म्हणून मासे पकडण्याची साधनेही निरनिराळी.

मासेही सगळे एका जातीचे नाहीत. ओढ्याच्या दगडांना चिकटून राहणारा मळ्या, चिखलात राहणारी मरळ, सापासारखी लांब वाम, मिशा असलेला शिंगटा हे येथले जुने रहिवासी. रोहू, कटला आणि मृगळ मूळचे गंगेकडचे. त्यांचे बीज आणून जलाशयांत सोडले जाते. चिलापी तर थेट आफ्रिकेतून आलेली. तिचे पुस्तकी नाव तिलापिया. १९५२ साली ती भारतात आणली गेली, आणि आता ती नको तेथेही दिसते.

आता गळाची काठी घेऊ. उर्दूत मासे पकडण्याच्या आकड्याला ‘काँटा’ म्हणतात. मराठीत ‘काटा’ म्हटले की ऐकणाऱ्याला बाभळीचा काटा आठवतो, नाहीतर माशाच्या अंगातला. मासा ज्यात अडकतो त्या आकड्याला मराठीत ‘गळ’ म्हणतात. कोकणात त्यालाच ‘गरी’ हा शब्द आहे. गळ बाजारातून आणावा लागतो. पूर्वी तो टाचणी वाकवून करत, पण टाचणीला टोकाजवळ आतल्या बाजूने उलटे दात नसते. हे बारीक दात असल्यावर माशाने हिसका दिला तरी गळ तोंडातून निसटत नाही. टाचणीच्या गळावर मासा लागतो खरा, पण दोरी थोडी सैल पडली की गेला! तेवढी एक वस्तू सोडली, तर बाकी सारे घरी होते.

काठीसाठी चिव्याचा बांबू चांगला. तो बारीक, भरीव आणि लवचीक असतो. बांबू हिवाळ्यात तोडावा. त्या वेळी त्याच्यात पिष्टमय पदार्थ कमी असतो. किडा बांबू पोखरतो तो याच पदार्थासाठी. तोडलेला बांबू काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला, तर उरलेला पिष्टही धुऊन जातो आणि काठी वर्षानुवर्षे टिकते. काठी शेंड्याकडे निमुळतीच ठेवावी. मासा ओढतो तेव्हा शेंडा वाकतो आणि ओढीचा जोर स्वतःवर घेतो. काठी ताठ असेल तर सगळा जोर दोरीवर येतो आणि दोरी तुटते.

दोरी तंगुसाची असते. तंगूस म्हणजे नायलॉनचा पारदर्शक धागा. नायलॉन येण्यापूर्वी सुताची किंवा तागाची दोरी वापरत. ती पाण्यात कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवत. सालीतल्या तुरट रसाने धाग्याला बळकटी येत असे. तंगुसाला हे काही करावे लागत नाही. तो कुजतच नाही. ही त्याची मोठी सोय आहे. मोठा दोषही तोच आहे. त्याकडे पुढे येऊ.

सगळ्यात गमतीचा भाग आहे तरंड. तरंड म्हणजे दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा. मासा आमिषाला तोंड लावतो तेव्हा तरंड हलते आणि काठावरच्या माणसाला बातमी कळते. पांगाऱ्याचे लाकूड फार हलके असते, म्हणून तरंडासाठी ते पूर्वीपासून वापरतात. ज्वारीच्या ताटातला भेंडही चालतो, पण तो लवकर भिजतो. हल्ली घरोघरी दिसते ते तुटक्या रबरी चपलेचे तरंड. चपलेचा बोटभर तुकडा कापायचा, सुईने मधोमध भोक पाडायचे आणि त्यातून तंगूस ओवायचा. तुकडा जागचा हलू नये म्हणून भोकात खराट्याची काडी खुपसायची. किती खोल पाण्यात गळ सोडायचा आहे, त्याप्रमाणे तरंड वर किंवा खाली सरकवता येते.

पण नुसते तरंगणारे तरंड उपयोगाचे नाही. चपलेचा तुकडा पाण्यावर आडवा पडून राहिला, तर लहान माशाने ओढल्याचे कळतच नाही. त्याला खालून योग्य तेवढे वजन हवे. वजन कमी पडले तर तरंड आडवे पडते, जास्त झाले तर बुडते. नेमके झाले, तर ते उभे राहते आणि त्याचे फक्त टोक पाण्यावर दिसते. अशा वेळी माशाने नुसते हुंगले तरी टोक थरथरते. तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात आर्किमिडीजचे तत्त्व वाचले असेल. पदार्थ जेवढे पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर त्याला वर ढकलतो. खेड्यातला मुलगा हे तत्त्व बादलीत शिकतो. तो घरी बादलीभर पाण्यात तरंड सोडतो, दोरीला एकेक वजन लावून पाहतो आणि तोल साधला की मग नदीवर जातो.

वजनासाठी बहुतेक जण शिशाचा तुकडा चेपून लावतात. शिसे मऊ आणि जड, म्हणून सोयीचे. पण शिसे विषारी आहे. दोरी तुटून शिसे तळाशी पडते. बदके, हंस असे पाणपक्षी दाणे दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांत ते शिसेही गिळतात आणि मरतात. इंग्लंडमध्ये असे पुष्कळ हंस मेले, तेव्हा तेथे १९८७ साली गळाला शिशाची वजने लावण्यावर बंदी घालण्यात आली. शिसे दातांनी चेपण्याची सवय तर फारच वाईट. सायकलचा जुना नट दोरीला ओवला की काम भागते. तो गंजतो, पण कोणाला मारत नाही.

आमिष म्हणून गांडूळ लावतात. कणकेची गोळीही चालते. रोहू, चिलापी कणकेला येतात. मरळ मात्र हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालते. तिला कणकेचे काय!

काठी नसेल तर? जलाशयाच्या काठावर पाहा. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीवर वीस-पंचवीस मीटर तंगूस गुंडाळलेला दिसेल. बाटलीचे तोंड पाण्याकडे धरायचे आणि वजन लावलेला गळ फिरवून दूर फेकायचा. तंगूस बाटलीवरून वळ्यावळ्यांनी आपोआप सुटत जातो. शहरातल्या महाग चक्रीचे हे घरगुती रूप आहे. शिवाय टोपण घट्ट लावलेली बाटली हातातून सुटून पाण्यात पडली तरी तरंगते.

शेतकऱ्याला तासन्‌तास तरंडाकडे पाहत बसायला वेळ नसतो. म्हैस बांधायची असते, गवत कापायचे असते. म्हणून तो काठी जमिनीत रोवतो आणि शेंड्याला बैलाच्या गळ्यातले एक घुंगरू बांधतो. मासा लागला की घुंगरू वाजते. कोणी छत्रीची मोडकी काडी रोवून तिला दोरी बांधतो. ती काडी स्प्रिंगसारखी वाकते आणि परत येते, त्यामुळे घुंगरू अधिक वाजते.

हाच प्रश्न हजारो मैलांवरच्या लोकांनाही पडला होता. फिनलंड, रशिया, कॅनडा या देशांत हिवाळ्यात तलाव गोठतात. पण ते तळापर्यंत गोठत नाहीत. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. ते तळाशी जाते, आणि त्याहून थंड पाणी वर राहून त्याचा बर्फ होतो. बर्फ पाण्याहून हलका असल्याने झाकणासारखा वरच तरंगतो आणि खाली मासे जिवंत राहतात. तेथले लोक आधी बर्फाची जाडी पाहतात. स्वच्छ, टणक बर्फ निदान दहा सेंटिमीटर जाड असल्याशिवाय त्यावर पाय ठेवत नाहीत. मग वीतभर रुंदीचे भोक पाडून त्यातून दोरी खाली सोडतात. भोक पायाशीच असते, म्हणून हातभर लांबीची काठी पुरते. बसायला उपडी बादली. एका भोकाजवळ बसून दुसऱ्याकडे लक्ष कसे ठेवायचे? त्यासाठी ते भोकावर आडवी पट्टी ठेवतात आणि तिला एक लहान झेंडा वाकवून अडकवतात. मासा दोरी ओढतो तेव्हा अडकण सुटते आणि झेंडा ताठ उभा राहतो. दोरीची रीळ मुद्दाम पाण्याखाली ठेवतात; ती वर राहिली तर गोठून बसेल. आपल्याकडचे घुंगरू आणि त्यांचा झेंडा ही एकाच घरातली भावंडे म्हणायची. आपल्याकडे तलाव गोठत नाहीत. आपल्याकडे पाऊस पडतो, आणि पावसाबरोबर जे घडते ते त्या लोकांनी पाहिलेले नसेल.

मृगाचे पहिले जोरदार पाऊस झाले की कोरडे ओढे वाहू लागतात. नदीतल्या माशांना ताज्या, गढूळ पाण्याचा वास लागतो. अंड्यांनी पोट भरलेल्या माद्या आणि त्यांच्याबरोबर नर प्रवाहाच्या उलट दिशेने वर निघतात. ओढ्यातून ओहोळात, ओहोळातून भाताच्या खाचरात. तेथे पाणी उथळ असते, गवत असते, मोठे शत्रू नसतात. तेथे ते अंडी घालतात. या वर चढणाऱ्या माशांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. ठाणे-रायगडकडे यांनाच ‘वलगणीचे मासे’ हे नाव आहे. रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन, इरले पांघरून गावातली माणसे ओढ्यावर जातात. ही त्यांच्या वर्षातली मौजेची रात्र असते.

आढ्यावरचा सापळा या दिवसांसाठी असतो. तो दोन हात लांब असतो. बांबूच्या कामट्या, म्हणजे पातळ पट्ट्या, उभ्या लावून वेलींनी किंवा सुतळीने गुंफलेल्या असतात. रुंद तोंडाच्या आत दुसरे एक नरसाळे बसवलेले असते. या नरसाळ्याच्या कामट्या आतल्या बाजूला टोकदार आणि मोकळ्या सोडतात. ओहोळात दगडांचा बांध घालून मध्ये एक वाट ठेवायची आणि त्या वाटेत सापळा बसवायचा. मासा वर जाणारा, म्हणून सापळ्याचे तोंड खालच्या अंगाला. मासा रुंद तोंडातून शिरतो, कामट्या अंगाने बाजूला सारतो आणि आत जातो. तो गेल्यावर कामट्या पुन्हा जवळ येतात. आता बाहेर पडायचे तर त्याला समोर टोकेच दिसतात. शिवाय मासा सापळ्याच्या कडेकडेने फिरतो, आणि वाट असते मधोमध! काही दिवसांनी पाऊस उघडला की मासे खाचरांतून परत उतरू लागतात. तेव्हा सापळा फिरवून तोंड वरच्या अंगाला करतात.

आता त्यातली खरी गोष्ट पाहा. दोन कामट्यांमध्ये बोटभर फट ठेवलेली असते. विणणाऱ्याला घट्ट विणता येत नाही म्हणून ती राहते, असे समजू नका. फटीतून पाणी वाहून जाते, त्यामुळे सापळा प्रवाहात टिकतो. आणि त्याच फटीतून लहान मासे निसटून जातात. हे मासे पुढच्या वर्षीचे. जुनी माणसे फट बोटाने मोजत. नातवाचे बोट घालून नव्हे, स्वतःचे जाडजूड बोट घालून.

पुढे मच्छरदाणीचे कापड स्वस्त झाले. काही जण ओहोळाच्या तोंडाशी तेच आडवे बांधू लागले. काम सोपे, विणकाम नको. पण मच्छरदाणीतून डास जात नाही, तेथे माशाचे पिल्लू कसे जाईल? एका रात्रीत नखाएवढी हजारो पिल्ले गोळा होतात. त्यांचे कालवण वाटीभर होते. तीच पिल्ले दिवाळीपर्यंत राहिली असती, तर बुट्ट्या भरल्या असत्या.

तंगुसाच्या जाळ्याचा दोष वेगळा आहे. बांबूचा सापळा पुरात वाहून गेला, तर दोन पावसाळ्यांत कुजून मातीला मिळतो. तंगुसाचे जाळे खडकात अडकून तुटले, तर ते वर्षानुवर्षे तसेच राहते. त्यात मासा अडकतो, मरतो, त्याला खायला खेकडा येतो, तोही अडकतो. मालक घरी झोपलेला असतो आणि त्याचे हरवलेले जाळे पाण्यात मासेमारी करतच असते. म्हणून तुटलेला तंगूस पाण्यात किंवा काठावर टाकू नये. गुंडाळून घरी आणावा.

चढणीच्या माशांबद्दल तालुक्यात दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, आजोबा-पणजोबांपासून आम्ही ते धरतो, तरी मासे संपले नाहीत. दुसरे म्हणते, ज्या मादीच्या पोटात अंडी आहेत तिला अंडी घालण्याआधीच धरणे म्हणजे पेरायला नेलेले बियाणे वाटेतच खाणे. रोहूच्या एक किलो वजनाच्या मादीत लाखाहून अधिक अंडी असतात. मला दुसरे मत पटते. पहिल्या मताच्या माणसांचे आजोबा खोटे बोलत नव्हते. पण त्यांच्या काळी नदी मोकळी होती. आता वाटेत धरणाची भिंत उभी आहे आणि भिंत मासा चढू शकत नाही. त्या मानाने कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बरे. त्यांचे बरगे, म्हणजे खाचांत बसवलेल्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढून ठेवतात, त्यामुळे नदी वाहती राहते. तेव्हा पहिल्या पुराचे मासे वर जाऊ द्यावेत आणि सापळा उतरणीच्या वेळी लावावा. त्या वेळी पोटातली अंडी खाचरात पोचलेली असतात. मासेही मिळतात.

मरळीबाबत आणखी एक सांगायला हवे. मरळीचे नर-मादी आपल्या पिल्लांची राखण करतात. पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला, तर त्याखाली आईबाप असतातच. तेथे गळ टाकला की मरळ रागाने धावून येते आणि सहज सापडते. सहज सापडते म्हणूनच ती धरू नये. आईबाप गेल्यावर तासाभरात इतर मासे ती पिल्ले फस्त करतात.

पाण्यात विष कालवणे, सुरुंगाची दारू उडवणे, विजेची तार सोडणे यांना साधने म्हणताच येणार नाही. दारू आणि विष यांनी मासे मारण्यावर ब्रिटिश अमलातच, १८९७ साली, कायद्याने बंदी आली. विजेच्या तारेने तर तार सोडणाराच कित्येकदा मरतो. जलाशयांतील मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात आणि अभयारण्यात मासे धरण्यास मनाई आहे. म्हणून कोठेही गळ टाकण्याआधी गावात विचारून घ्यावे.

धरणाच्या खालच्या अंगाला तर पावसाळ्यात उभेच राहू नये. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ३४७.५ फुटांवर गेली की ते पाण्याच्या जोराने आपोआप उघडतात. बटण दाबायला माणूस लागत नाही. तरंड जसे तोलावर चालते, तसेच हे दरवाजे. फरक एवढाच की एक दरवाजा उघडला की सेकंदाला १४२८ घनफूट, म्हणजे सुमारे चाळीस हजार लिटर पाणी नदीत येते. ते रात्री उघडतात, भर दुपारीही उघडतात. गळ सोडून पळायलाही वेळ मिळेलच असे नाही.

सापळा ओहोळात संध्याकाळी लावतात आणि पहाटे उचलतात. जास्त वेळ ठेवला तर आतले मासे मरतात, किंवा पाणसाप आत शिरतो. म्हणून सापळ्यात हात घालण्याआधी तो काठावर आणून उजेडात पाहावा. शेपटाकडची गाठ सोडून मासे बुट्टीत ओतावेत. फटीत अडकलेले लहान मासे ओल्या हाताने काढून परत पाण्यात सोडावेत. कोरड्या हाताने धरले तर त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि ते पुढे जगत नाहीत. श्रावण सरत आला की सापळा धुऊन, उन्हात वाळवून घरी आणतात. मग त्याला काही महिने चुलीच्या वर टांगून ठेवतात. धुराने कामट्या काळ्या पडतात आणि त्यांना कीड लागत नाही. उन्हाळा संपत आला की कोणीतरी तो खाली उतरवतो, सुटलेल्या दोनचार गाठी नव्याने बांधतो, फटीत बोट घालून पाहतो आणि सोप्यात आढ्याला अडकवतो.